चाचींसाठी तपासलेला मध

माझी मुलगी पोटात होती, त्या वर्षी आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत मधाचं काम नुकतंच सुरू झालं होतं. धाराशिवला रसायनशास्त्र शिकवायला लागून मला सहा-सात वर्षं झाली होती. आजूबाजूच्या गावांत कांद्याच्या बियाण्यासाठी, सूर्यफुलासाठी लोक मधमाश्यांच्या पेट्या ठेवायला लागले होते. त्यांतला कुणीतरी अधूनमधून बाटली घेऊन यायचा आणि म्हणायचा, "ह्यात फवारणीचं औषध उतरलंय का, जरा बघा की."

बघायची आमची पद्धत जुनी होती. चमचा-दोन चमचे मध कोमट पाण्यात विरघळवायचा, काचेच्या सेपरेटिंग फनेलमध्ये ओतायचा आणि वरून क्लोरोफॉर्मच्या भाऊबंदातलं एक सॉल्व्हंट घालायचं. मग फनेल हलवायचं, तोटी उघडून आतली वाफ सोडायची, परत हलवायचं. असं तीन वेळा. मधात औषध असलं तर ते पाणी सोडून त्या सॉल्व्हंटमध्ये उतरायचं. पुढं ते सगळं उडवून तळाशी जे उरेल ते यंत्राला द्यायचं; औषध असलं की यंत्र त्याची रेघ काढून दाखवायचं. चमचाभर मधाला अर्धी बाटली सॉल्व्हंट लागायचं. त्यातलं थोडं धुराड्याच्या कपाटातून बाहेर जायचं, पण त्या कपाटाचा पंखा ओढायचा कमी आणि वाजायचाच जास्त. बाकीचं आमच्या खोलीत, आमच्या कपड्यांत, आमच्या छातीत. वापरून उरलेलं एका निळ्या कॅनमध्ये साठवायचं. तो कॅन न्यायला गाडी यायची, पण तिला सवड झाली की.

हे सगळं करायला माझ्या जोडीला प्रयोगशाळेचे परिचर होते. सगळं कॉलेज त्यांना मामा म्हणायचं. उंचीनं बुटके, कानावर पेन्सिल, आणि काचेची वस्तू हातात घेतली की तान्हं मूल घेतल्यासारखी घेणार. मी त्या कॉलेजात विद्यार्थिनी होते तेव्हापासून ते तिथं होते. पहिल्यांदा ब्युरेट फोडली तेव्हा मी रडायला लागले होते, तर त्यांनी तुकडे गोळा करून सांगितलं होतं, "काच फुटतीच बाई. तुमचं बोट कापलं न्हाय न्हवं?"

चौथा महिना लागला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मला बजावलं की त्या सॉल्व्हंटच्या वासापासून लांब राहायचं. मी मामांना सांगितलं की आता मधाचं काम वर्षभर बंद ठेवू. त्यांनी माझं स्टूल उचललं आणि व्हरांड्यात खिडकीबाहेर नेऊन ठेवलं.

"तुमी हितं बसा, म्याडम. किती वतायचं, किती हलवायचं तेवढं सांगा. हात माझे."

पुढचे चार महिने मी खिडकीतून सूचना देत राहिले आणि ते आत फनेल हलवत राहिले. मला फार बरं वाटलं होतं. काम अडलं नाही, विद्यार्थ्यांचे प्रकल्प झाले. मी टाळलेला वास दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्याला जातोय, हे मला तेव्हा खरोखरच सुचलं नाही.

मुलगी झाली. मामा बघायला घरी आले. मी तिला त्यांच्याकडं द्यायला गेले, तर ते मागं सरले. "थांबा, हाताला वास हाय." अंगणातल्या नळावर त्यांनी साबणानं हात धुतले, नाकाशी नेले, परत धुतले. तिसऱ्यांदा धुतल्यावरही त्यांनी तिला घेतलं नाही. नुसतेच वाकून बघत राहिले आणि तिच्या पायाशी एक पिवळं टोपडं ठेवून गेले.

ती चार-पाच वर्षांची झाली असेल तेव्हाची गोष्ट. एका दुपारी मला मामा प्रयोगशाळेच्या मागच्या पायऱ्यांवर डोकं धरून बसलेले दिसले. खिशातल्या लहानशा बाटलीतून त्यांनी दोन थेंब बोटावर घेतले आणि कपाळाला चोळले.

"रोज दुखतं का?" मी विचारलं.

"रोज न्हाय. मधाचं काम असलं की त्या दिवशी."

"कधीपासून?"

त्यांनी बाटलीला बूच लावलं. मग म्हणाले, "झाली की वर्सं." डॉक्टरांनी त्यांना दुसरं काम बघा म्हणून सांगितलं होतं. त्यांनी ते घरीही सांगितलं नव्हतं आणि मलाही नाही. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. इतकी शरम मला आयुष्यात क्वचितच वाटली असेल. मी व्हरांड्यातलं ते स्टूल आठवत होते.

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "बाटलीत काय आहे?"

"अमृतधारा. घरीच करतो. कापूर, पुदिन्याचं फूल अन् ओव्याचं फूल. तिन्ही खडे बाटलीत टाकायचे, बूच लावायचं अन् ठिवून द्यायचं. आपोआप पाणी हुतं."

हे मलाही लहानपणापासून माहीत होतं. माझी आईसुद्धा पोटदुखीवर हेच साखरेवर टाकून द्यायची. पण त्याच महिन्यात मी काही शोधनिबंध वाचत होते. दोन घन पदार्थ एकत्र आले की एकमेकांना वितळवतात, त्यातून तयार होणारा द्रव विषारी सॉल्व्हंटच्या जागी वापरता येतो, उरलं तर मातीपाण्याला फारसा त्रास नाही, असं त्यांत लिहिलं होतं. त्यात लांबलचक नावं होती, आकृत्या होत्या. ती नावं नीट वाचली असती तर कळलं असतं की पुदिन्याचं फूल म्हणजे मेंथॉल आणि ओव्याचं फूल म्हणजे थायमॉल. मी मामांच्या हातातून बाटली घेतली आणि उन्हात धरली. पाण्यात मिसळत नाही असं तेलासारखं स्वच्छ द्रव्य.

"मामा, ही बाटली मला एक दिवस द्याल?"

"डोकं दुखतंय का तुमचं?"

"नाही," मी म्हटलं. "तुमचं दुखू नये म्हणून."

एका दिवसात काही झालं नाही. पुरं एक वर्ष गेलं. मध पाण्यात विरघळवून त्यात ह्या द्रव्याचे मोजके थेंब सिरिंजनं जोरात सोडले की सगळं दुधासारखं पांढरं व्हायचं. मग ते गरागरा फिरवायच्या यंत्रात ठेवलं की वर तेलाचं बारीकसं कडं जमायचं. मधात औषध असलं तर ते ह्या कड्यात यायला हवं. आम्ही मुद्दाम स्वच्छ मधात औषध कालवून बघायचो की घातलेलं परत मिळतं का. सुरुवातीला काहीच कळेना. ओव्याच्या फुलाची यंत्रावर एवढी मोठी रेघ उमटायची की तिच्या आड बाकीचं सगळं झाकून जायचं. दोन-तीन महिने मी ती रेघ बाजूला सारायच्या मागं होते. शेवटी कंटाळून मी मामांना म्हटलं, "हा ओवा काही ऐकत नाही."

ते काच पुसत होते. "मग ओवा कशाला घालता? नुसता कापूर अन् पुदिनाबी पातळ हुतो की."

तसंच होतं. कापूर आणि पुदिन्याचं फूल, दोघंही यंत्राच्या नजरेला जवळजवळ दिसत नाहीत. रेघ गेली आणि मैदान मोकळं झालं. यंत्रातून जो द्रव सतत वाहतो, तोही आधी विषारीच होता. त्याच्या जागी आम्ही अल्कोहोल आणि पाणी वापरायला लागलो. ते मिश्रण जाडसर, त्यामुळं यंत्र कुरकुरायला लागलं, पण नळी गरम ठेवली तसं चालायला लागलं. घातलेलं औषध एकदाचं परत मिळायला लागलं. रोज, तेवढंच. अर्ध्या बाटलीच्या जागी आता मोजके थेंब. त्या सत्रात मामांच्या तोंडून डोकेदुखीचं नाव निघालं नाही. मी विचारलं तर म्हणाले, "खोलीत देवळावानी वास येतो आता."

पण हे सगळं आम्हीच औषध कालवलेल्या मधावर. खरा, शेतातून आलेला, काय आहे ठाऊक नसलेला मध अजून आम्ही ह्या पद्धतीनं तपासला नव्हता.

तो आला फेब्रुवारीच्या शेवटी. सकाळी पहिला तास संपवून मी प्रयोगशाळेत आले तर दारात दोन माणसं उभी. एक सत्तरीच्या घरातले, पांढरी दाढी, डोक्यावर विणलेली टोपी, हातात पिशवी. येरमाळ्याकडच्या एका खेड्यात त्यांनी जन्मभर शिंपीकाम केलं होतं आणि नजर मंदावल्यावर मशीन सुनेच्या हवाली करून मधमाश्या पाळल्या होत्या. गाव त्यांना चाचा म्हणायचं, मीही तेच म्हणायला लागले. दुसरा चाळिशीचा शेतकरी, त्यांच्या मागं दाराला टेकून उभा. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी.

"हे आमचे शेजारी," चाचा म्हणाले. "ह्यांच्या कांद्याच्या बियाचा प्लॉट आमच्या बांधाला लागून हाय. पेट्या तितंच असत्यात. गेल्या हप्त्यात ह्यांनी फवारलं."

आवाजात राग अजिबात नव्हता. पावसाचं सांगावं तसं सांगितलं.

शेजाऱ्यानं वर्तमानपत्र सोडलं. आत औषधाची रिकामी बाटली होती. "फुलांच्या गोंड्यावर किडे दिसले, म्हणून सकाळीच मारलं. दुपारी चाचांनी हाक मारली. बघतो तर पेट्यांच्या तोंडाशी माश्यांचा सडा. मीच मारल्या, म्याडम. त्यांच्यामुळंच माझं बी भरत हुतं, अन् मीच..." त्यानं बाटली टेबलावर ठेवली आणि हात पॅन्टला पुसले. "कुठलं औषध ते तुमाला कळावं म्हणून बाटली आणली."

चाचांनी पिशवीतून दोन बरण्या काढल्या. आठ पेट्यांपैकी प्लॉटला लागून असलेल्या पेट्यांतला मध एका बरणीत, आणि पार चिंचेखालच्या दोन पेट्यांतला दुसरीत. चिंचेखालच्या माश्या फारशा मेल्या नव्हत्या.

"विकायचा न्हाय," ते म्हणाले. "आमच्या घरात बायकोला गळ्याचं दुखणं हाय. बार्शीला क्यान्सरच्या दवाखान्यात शेक दिले. आता तोंड आतून सोललंय. पाणी गिळायचं म्हटलं तरी डोळ्यातून पाणी येतं. डॉक्टर म्हणले, कोमट पाण्यात मध चालंल, बरं वाटंल. तेवढंच तिला जातं. आदल्या खेपेचा संपला. आता हा देऊ का नको?"

थोडं थांबून ते म्हणाले, "ती इचारती, मध कुठंय. म्या सांगतो, माश्या अजून कामावर हायेत."

मी बरण्या घेतल्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारी या म्हटलं. ते गेल्यावर मामा म्हणाले, "म्याडम, आपल्या नव्या पद्धतीनं करूच. पण जुन्या पद्धतीनंबी एकदा करू. आजारी माणसाच्या तोंडात जायचंय."

माझ्याही मनात तेच होतं. नवी पद्धत माझी लाडकी होती, म्हणूनच तिच्यावर एकटीवर मला हे सोपवायचं नव्हतं. मामा सॉल्व्हंटची बाटली घ्यायला कपाटाकडं निघाले. मी त्यांची वाट अडवली.

"तुम्ही बाहेर बसा."

"आवं, एकदाच तर हाय."

"एकदाच आहे म्हणूनच मी करते. तुम्ही बाहेर बसून मला सांगा, चुकलं तर."

ते गेले. मी सगळ्या खिडक्या उघडल्या, मास्क लावला आणि फनेल हलवायला घेतलं. तोटी सोडायला मी जरा उशीर केला की बाहेरून आवाज यायचा, "वाफ काढा, वाफ!" अर्ध्या तासात माझं डोकं जड झालं, जिभेवर गोडसर कडवट चव आली. चार महिने, मी मनात म्हटलं. ह्या माणसानं माझ्यासाठी चार महिने हे घेतलं.

संध्याकाळपर्यंत दोन्ही पद्धतींची चित्रं माझ्यासमोर होती. शेजाऱ्याच्या बाटलीवर लिहिलेल्या औषधाचा शुद्ध नमुना आमच्याकडं होता. त्याची रेघ कुठं येते ते पक्कं ठाऊक होतं. प्लॉटजवळच्या मधात ती रेघ उभी होती, जुन्या पद्धतीत आणि नव्या पद्धतीतही, त्याच जागी आणि जवळपास तेवढ्याच उंचीची. चिंचेखालच्या मधात दोन्हींकडं सपाट. मामा माझ्या खांद्यामागून बघत होते.

"दोघंबी एकच बोलत्यात की," ते म्हणाले.

मी परत एकदा, नवा मध घेऊन, थेंबांच्या पद्धतीनं केलं. परत सपाट. रात्री घरी गेले. मुलगी वहीत चित्र काढत बसली होती. तिच्याकडं बघत मी विचार करत होते की उद्या त्या माणसाला नेमकं काय सांगायचं.

दुसऱ्या दिवशी दोघं आले. शेजाऱ्याच्याच मोटरसायकलवर. मी आधी प्लॉटजवळची बरणी पुढं केली. "ह्यात औषध आहे. हा कुणीच खायचा नाही."

शेजारी खाली बघायला लागला. चाचांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "आणि हा?"

"ह्यात दिसलं नाही."

त्यांनी माझ्याकडं रोखून बघितलं. जन्मभर कापड मापलेल्या माणसाची नजर होती ती. "दिसलं न्हाय, का न्हायच?"

असा प्रश्न मला परीक्षकांनीही कधी विचारला नव्हता. मी खरं ते सांगितलं. "चाचा, माझ्या यंत्राला एका हद्दीपर्यंत दिसतं. त्याच्याखाली चिमूटभराचा चिमूटभर काही असलं तर मला सांगता येणार नाही. शिवाय बाटलीवरचं हे एकच औषध मी शोधलं. दोन वेगवेगळ्या पद्धतींनी, तीन वेळा. ते नाही दिसलं. थोडा मध मी पुण्याच्या मोठ्या प्रयोगशाळेलाही पाठवतेय, त्याला दोन-तीन आठवडे लागतील."

"दोन-तीन आठवडे तिनं काय घ्यावं?"

मी पुण्याला पाठवायच्या लहान बाटलीचं बूच परत घट्ट केलं.

"असं सांगा," ते हळूच म्हणाले. "तुमच्या घरच्या माणसाला दिला असता का?"

प्रयोगशाळेत काही तोंडात घालायचं नाही, असा आमचा कडक नियम. मी चिंचेखालची बरणी उचलली, व्हरांड्यात गेले, डब्यातला चमचा काढला आणि चमचाभर मध खाल्ला. कांद्याच्या फुलाचा मध जरा उग्र असतो, पण मागाहून गोड लागतो. चाचा बघत होते.

"माझ्या मुलीला दिला असता," मी म्हटलं. "पण चाचींना देण्याआधी डॉक्टरांना एकदा फोन करून विचारा."

त्यांनी मान हलवली, बरणीचं झाकण स्वतः लावलं, रुमालानं पुसलं आणि पिशवीत ठेवलं. "शुक्रिया, बेटा," एवढंच म्हणाले. डोळे भरून आले होते, ते त्यांनी लपवले नाहीत. शेजारी मात्र पटकन बाहेर जाऊन मोटरसायकल चालू करायला लागला.

औषधाचा मध आम्ही ठेवून घेतला. उघड्यावर टाकला असता तर दुसऱ्या माश्यांनी नेला असता. मामांनी बरणीवर लाल अक्षरात 'विष' लिहिलं आणि कुलपाच्या कपाटात ठेवून दिली. विद्यार्थ्यांना थेंबांची पद्धत शिकवायला अजून तिचाच उपयोग होतो.

पुण्याचा कागद महिन्याभरानं आला. त्यांनाही चिंचेखालच्या मधात काही सापडलं नव्हतं. मी चाचांना फोन केला तर ते म्हणाले, "ती तर रोज घेती. डॉक्टरांना इचारलं अन् दुसऱ्या दिवशीपासनं सुरू केला." माश्या मेलेल्या पेट्यांपैकी तीन परत भरल्या होत्या. शेजारी आता फवारायच्या आदल्या दिवशी घरी येऊन सांगायचा, आणि फवारणी ऊन उतरल्यावर, माश्या पेटीत परतल्यावर करायचा. एकदा तो स्वतःच ओली पोती घेऊन पेट्या झाकायला आला होता, असंही चाचांनी सांगितलं.

पावसाळा संपत आला असताना एका गुरुवारी चाचा एसटीनं चाचींना घेऊन आले. बारीक, ताठ बाई, गळ्याभोवती मऊ ओढणी. मी घाईनं खुर्ची दिली, तर त्यांनी आधी सगळी प्रयोगशाळा फिरून बघितली. आवाज घोगरा, फाटलेला, पण येत होता.

"ते मामा कुठं हायेत?" त्यांनी विचारलं.

मामा मागं काच धूत होते. ओल्या हातांनी आले आणि संकोचून उभे राहिले. निवृत्तीला चार महिने उरले होते. चाचींनी त्यांच्याकडं बघितलं, त्या लाल झालेल्या, भेगाळलेल्या हातांकडं बघितलं, आणि पिशवीतून कापडात बांधलेला डबा काढून त्या हातांत ठेवला. आत धपाटी होती, वर लसणाची चटणी, बाजूला वाटीत दही.

"सकाळी उठून केली," त्या म्हणाल्या. "इतक्या महिन्यांनी चुलीपाशी बसले."

"आणि खाल्लं का?" मामांनी विचारलं.

चाचींनी बोटांनी माप दाखवलं. "अर्धं. दह्यात भिजवून. दुखलं, पन गेलं."

आम्ही चौघं व्हरांड्यात बसलो. मामांनी नळावर जाऊन हात धुतले आणि पहिलं धपाटं मोडून सगळ्यांना वाटलं. चाचींनी आपला तुकडा दह्याच्या वाटीत बुडवला आणि अगदी सावकाश, डोळे मिटून, गिळला.